एम३५ए२ : सैन्यातून बाहेर पडलेला ट्रक, चौदा महिने चालवल्यानंतर

ट्रक घेऊन बावीस महिने झाले. पहिले आठ तो लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, चाकं काढलेली, हौदा रिकामा. नंतरचे चौदा महिने तो चालतोय आणि आजच्या घडीला त्यात ४,२०० किलोमीटर झालेत. काम मुख्यतः दगड, लाकूड आणि पाण्याची टाकी वाहण्याचं. अधूनमधून लांबचा पल्ला.

घेण्याआधी मी जेवढं वाचलं त्यातलं बहुतेक सगळं इंजिनाबद्दल होतं. ट्रक बघायला गेलो तेव्हा मीही बॉनेट उघडून इंजिनच ऐकत बसलो. पण या इंजिनाने मला आजवर एकदाही रस्त्यात उभं केलेलं नाही. पैसा, वेळ आणि झोप गेली ती ट्रक थांबवणाऱ्या भागांवर. ब्रेक, चाकं, ऑइल सील, रबरी नळ्या. असा ट्रक घ्यायचं ज्याच्या मनात आहे त्याला हे आधी कळावं, म्हणून खाली ब्रेकवरच जास्त लिहिलंय.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एम३५ची मूळ रचना रिओ कंपनीची, १९५० च्या सुमाराची. अमेरिकी सैन्यात या वर्गाच्या ट्रकला ‘ड्यूस अँड हाफ’ म्हणतात, म्हणजे अडीच टनी. खडबडीत जमिनीवर अडीच अमेरिकी टन (सुमारे २,२७० किलो) आणि चांगल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट माल, असा त्याचा हिशोब. माझ्या ट्रकमध्ये एलडीटी-४६५ इंजिन आहे : सहा सिलिंडर, ७.८ लिटर, टर्बो, ताकद १४० हॉर्सपॉवरच्या आत. तिन्ही अ‍ॅक्सलला ताकद जाते. रिकामा ट्रकच सहा टनांच्या जवळ जातो. पुढे १९९० च्या दशकात कॅटरपिलर इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून ए३ आला, पण लिलावात दिसतो तो बहुतेक ए२च.

विक्री ‘जसा आहे तसा’. परत करणं नाही, तक्रार नाही. मीटरवर फक्त १९,००० मैल होते आणि ते बघून मी खूश झालो होतो. नंतर डॅशबोर्डजवळ डेपोत पुन्हा बांधणी केल्याची धातूची पट्टी सापडली. म्हणजे मीटरचा आकडा त्या बांधणीनंतरचा असणार, किंवा तोही नाही. या गाड्यांच्या बाबतीत मीटर बघू नका, ती पट्टी शोधा. आणि गाडी किती चालली यापेक्षा किती वर्षं उभी होती हे विचारा. माझा ट्रक निदान नऊ वर्षं हललेला नव्हता. कागद मात्र पैसे देण्याआधीच तपासा. चासीवरचा नंबर, पट्टीवरचा नंबर आणि विक्रीच्या कागदावरचा नंबर एकच हवा, नाहीतर नोंदणीत अडकाल.

पाहणीत मी एक गोष्ट बरोबर केली. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि तिन्ही अ‍ॅक्सल, सगळ्यांचे प्लग सैल करून थोडं थोडं तेल काढून बघितलं. चार ठिकाणी तेल काळं पण स्वच्छ होतं. मधल्या अ‍ॅक्सलमधून चहाच्या रंगाचा फेस आला, म्हणजे पाणी शिरलेलं. तेवढ्यावर किंमत बरीच खाली आली. या गाड्या पाण्यातून जायला बनवलेल्या आहेत, तेव्हा आत पाणी गेलेलं असणं नवल नाही. ते किती वर्षं आत राहिलं हा प्रश्न आहे. माझ्या अ‍ॅक्सलच्या दात्यांवर गंज धरलेला नव्हता, बेअरिंग मात्र बदलावी लागली.

आता ब्रेक. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून तेल निघतं आणि ‘एअर पॅक’ नावाच्या नळकांड्यात जातं. तिथे कॉम्प्रेसरची हवा त्या तेलाला जोर देते आणि मग ते चाकांतल्या सहा व्हील सिलिंडरपर्यंत पोचतं. म्हणजे हवेची मदत असलेला तेलाचा ब्रेक. व्यवस्था उत्तम आहे, सहा टन एका पायाखाली थांबतात. पण तेलाचं सर्किट एकच आहे. पुढचं वेगळं, मागचं वेगळं असं काही नाही. सहापैकी कुठल्याही एका ठिकाणी नळी फुटली तर सहाही ब्रेक गेले.

हे मी वाचलं होतं, तरी पटलं ते प्रत्यक्ष घडल्यावर. घेतल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात मोकळ्या मैदानात ट्रक फिरवून बघत होतो. ब्रेक चांगला लागत होता. तिसऱ्या की चौथ्या फेरीला पेडल सरळ तळाला गेलं, खाली काहीच नाही. वेग पंधराच्या आसपास होता आणि समोर मोकळी जागा होती, म्हणून गिअर खाली घेऊन हँडब्रेकवर थांबता आलं. मधल्या अ‍ॅक्सलवरची लोखंडी नळी क्लिपच्या खाली, जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे, गंजून कागदासारखी झाली होती. त्या दिवशी ट्रक आत घेतला तो आठ महिने बाहेर काढला नाही.

त्या आठ महिन्यांत ब्रेकचं जे जे रबर आणि जी जी नळी होती ती सगळी बदलली. मास्टर सिलिंडर नवा, सहाही व्हील सिलिंडर नवे, लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या, लवचिक होस पाईप नवे, एअर पॅकला पूर्ण रबर किट. व्हील सिलिंडर उघडले तेव्हा सहापैकी चार जाम होते, म्हणजे मी मैदानात फिरत होतो तेव्हा काम करत होती फक्त दोन चाकं. ‘ब्रेक लागतोय’ हा अंदाज किती फसवा असू शकतो ते तेव्हा कळलं. तेलाबद्दल एक महत्त्वाचं : अमेरिकी सैन्याने या गाड्यांत १९८० च्या दशकात सिलिकोनचं ब्रेक ऑइल आणलं, ते डॉट ५. नेहमीचं डॉट ३ किंवा ४ त्यात मिसळायचं नाही. आत काय आहे याची खात्री नसेल तर सगळं काढून, धुऊन, एकच काहीतरी भरा. सिलिकोन पाणी शोषत नाही हे चांगलं, पण म्हणूनच आत शिरलेलं पाणी वेगळं राहून खालच्या भागात साचतं आणि तिथेच गंज खातो. माझ्या जाम सिलिंडरांत हेच झालं होतं.

ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. माझी मुलगी केबिनमध्ये बसायची आणि मी खाली. “दाब. धरून ठेव. सोड.” एअर पॅकपासून सुरुवात आणि मग एकेक चाक, असं आम्ही तीन संध्याकाळी केलं. तिसऱ्या दिवशी ती वरून म्हणाली, “बाबा, आता दगडासारखं झालंय.” त्या क्षणाचा आनंद मला पुढे ट्रक रस्त्यावर आला तेव्हाही झाला नाही.

हँडब्रेकचाही एक खुलासा. त्याचा ड्रम चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे. मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढलात की हँडब्रेक उरत नाही, तो ओढलेला असला तरी. चाकांना ओट (पाचर) लावल्याशिवाय या ट्रकखाली झोपू नका.

चाकांबद्दलही तेवढ्याच कळकळीने सांगतो. मूळ रिम लॉक रिंगची आहे, म्हणजे टायर जागेवर धरून ठेवते ती वेगळी बसवलेली लोखंडी रिंग. रिंग नीट बसलेली नसताना हवा भरली तर ती उडते आणि माणूस मरतो, हे घडलेलं आहे. चाक ट्रकवरून काढण्याआधी व्हॉल्व्हचा कोअर काढून पूर्ण हवा सोडा आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे रिंग उडाली तरी आतच अडकेल. ज्या दुकानात पिंजरा नाही तिथे काम देऊ नका. डाव्या बाजूच्या नटांची आटी उलटी आहे, तेव्हा पान्यावर जोर लावण्याआधी स्टडच्या टोकावरचं अक्षर बघा. मागच्या जोडचाकांत आतला नट वेगळा आणि त्यावर बाहेरचा वेगळा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर कसताना बाहेरचा आधी सैल करून, आतला कसून, मग बाहेरचा. नुसता बाहेरचा कसत राहिलात तर आतलं चाक ढिलंच राहतं.

टायर ९.००-२० मापाचे, सैन्याच्या नक्षीचे होते. नक्षी जवळजवळ नवी, पण बाजूच्या रबराला भेगा. बनवल्याची चार आकडी तारीख शोधली तर दोन टायरांवर ती नव्हतीच, तीन आकडी होती, म्हणजे २००० च्या आधीचे. दहाही बदलले. सगळ्यात मोठा एकरकमी खर्च तोच, आणि ट्रकच्या किमतीत तो धरलेला नव्हता.

इंजिन मात्र खरोखर देखणं आहे. एम.ए.एन. कंपनीच्या पद्धतीवर बनलेलं : पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी, डिझेल त्या वाटीच्या भिंतीवर पातळ थरासारखं पसरतं आणि तापून वाफ होत जळतं. म्हणूनच ते डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडचणीत पेट्रोलसुद्धा पचवतं. याचा अर्थ वाटेल ते ओतावं असा नाही. आधीच्या मालकाने जुनं इंजिन ऑइल मिसळलं असावं, टाकीच्या तळाशी डांबरासारखा गाळ होता. १८९ लिटरची टाकी उतरवून धुतली, तिन्ही फिल्टर बदलले, इंधनाच्या नळ्या बदलल्या. या इंजिनाच्या डिझेल पंपाचं हायड्रॉलिक हेड, म्हणजे सिलिंडरांना दाबाने डिझेल पुरवणारा भाग, पाण्याने आणि घाणीने जाम होतं आणि तो भाग महाग आहे. मी फक्त स्वच्छ डिझेल भरतो. एका लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर मिळतात. इंजिनाचे फेरे मिनिटाला २,६०० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, विशेषतः उतारावर, जेव्हा ट्रकच इंजिनाला ढकलत असतो.

किल्ली नाही. एक खटका फिरवायचा, बटण दाबायचं, आणि बंद करताना दांडी ओढायची. ब्रेकसाठीची हवा भरेपर्यंत बझर ओरडत राहतो आणि तो थांबल्याशिवाय जागचं हलायचं नाही. वायरिंग २४ व्होल्टचं, दोन बॅटऱ्या एकापुढे एक. रेडिओ किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याचा मोह होतो. तसं केलं तर एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जास्त चार्ज होते, दोन्ही मरतात. छोटा कन्व्हर्टर लावा.

चालवणं दमवणारं आहे. पॉवर स्टीअरिंग नाही, उभ्या ट्रकचं चाक वळवायला जाऊच नये. नव्वदपर्यंत जातो, पण सत्तरच्या पुढे मी नेत नाही. टर्बोची शिट्टी कानात बसते. पहिल्या दोन महिन्यांनंतर मी कानात बोळे घातल्याशिवाय चालवलेला नाही आणि शेजारी बसणाऱ्यालाही देतो. रिकामा असताना मागचे पाटे अजिबात दबत नाहीत, प्रत्येक खड्डा पाठीत येतो. दीड टन दगड टाकला की तोच ट्रक शांत होतो. पावसानंतरच्या चिखलात, जिथे इतर गाड्या थांबल्या, तिथे मागची चाकं जरा घसरली की पुढचा अ‍ॅक्सल आपोआप ताकद घेतो आणि ट्रक त्याच संथ चालीने वर येतो. त्या वेळी मी त्याच्यावर केलेला एकही खर्च मला जड वाटत नाही.

रंगाची घाई करू नका. सैन्याचा जुना रंग घासताना किंवा त्यावर वेल्डिंग करताना निघणारी धूळ आणि धूर घातक आहे, खालच्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकतं. साधा कापडी मास्क चालत नाही. मी फक्त गंजलेले पत्रे, तेही पाणी मारत, नीट मास्क लावून घासले. बाकी रंग तसाच ठेवलाय.

सुटे भाग मिळतात, कारण हे ट्रक प्रचंड संख्येने बनले आणि सैन्याची टीएम ९-२३२०-३६१ ही दुरुस्ती-पुस्तकांची मालिका उघडपणे उपलब्ध आहे. ट्रकच्या आधी ती पुस्तकं मिळवा. प्रत्येक बोल्ट किती कसायचा ते त्यात आहे आणि मला सर्वांत उपयोगी पडलं ग्रीसिंगचं पान. बाहेरच्या मेकॅनिककडे एकदाच काम दिलं, हबचं. त्याने सील उलटं बसवलं आणि गिअर ऑइल ब्रेक लायनरवर आलं. लायनर फेकावे लागले. तेव्हापासून सील मीच बसवतो.

एकूण खर्च ट्रकच्या किमतीच्या अडीचपट झाला. त्यातले निम्म्याहून जास्त ब्रेक आणि टायर. आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी याच जातीचा घेईन, पण इंजिन चालू आहे म्हणून जास्त पैसे देणार नाही. इंजिन बंद असलेला, पण छपराखाली उभा राहिलेला आणि कोरड्या अ‍ॅक्सलचा ट्रक निवडीन.

सध्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांची रबरी बुटं तडकली आहेत, त्यातून ग्रीस बाहेर येतंय. चेनने (झिपने) बंद होणारी बुटं मागवली आहेत, म्हणजे सांधा उघडावा लागणार नाही. ती येईपर्यंत ट्रक चिखलात नेत नाही.