2,800 रुपये वाचवले आणि 1,95,870 घालवले

पुण्यात धायरीतला माझा वन बीएचके. भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेला, भाडं 14,000, डिपॉझिट 30,000. भाडेकरू गोड बोलणारा, बायको, एक शाळकरी मुलगी. 'काका, रजिस्ट्रेशनला कशाला पैसे घालवता, नोटरी करू, चालतं सगळीकडे.' एजंटनेही मान डोलावली. मुद्रांक शुल्क 400 च्या आसपास, नोंदणी फी 1,000, बाकी एजंटचे. मिळून 2,800 वाचणार होते. मी काही अडाणी नाही, 31 वर्षं नोकरी केली आहे. पण आजूबाजूला सगळे नोटरीच करत होते.

कोर्टाबाहेरच्या त्या टेबलावर त्याने पिशवीतून स्टँपपेपर काढला. टाइप केलेला, तयार. करार घरमालक करतो की भाडेकरू? हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मी फक्त नाव आणि रक्कम बघितली. वरती 'भाडेकरार' लिहिलं होतं, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता घर वापरायचा नुसता परवाना) नव्हे. तो एक शब्द अजून रात्री डोळ्यांसमोर येतो.

पाचव्या महिन्यापासून भाडं बंद. आधी मुलगी आजारी, मग पगार अडकला, मग फोनच उचलेना.

पोलीस चौकीत गेलो. 'सिव्हिल मॅटर आहे.' वर मलाच दरडावलं : भाडेकरूची माहिती पोलिसांना का दिली नाही? म्हणजे घर माझं, बुडालो मी आणि गुन्हेगारही मीच! वैतागून लाइट तोडली, तर त्याने माझ्याचविरुद्ध अर्ज दिला. लाइट-पाणी तोडू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 तुमच्यावरच उलटतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने हात वर केले. या भाडेकरूने मागच्या गल्लीतही हेच केलंय, हे मात्र वॉचमनला ठाऊक होतं. भाडेकरू ठेवण्याआधी आधीच्या घरमालकाला फोन करा, एजंटला नको.

वकिलांनी कागद बघून डोक्याला हात लावला. करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, त्याच कायद्याचं कलम 55. न नोंदवल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, खोटं तुम्ही सिद्ध करायचं. लिव्ह अँड लायसन्स नोंदवलेलं असतं, तर मुदत संपल्यावर घराच्या ताब्यासाठी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता आलं असतं, दुप्पट भाड्याने भरपाईही मागता आली असती. आता लघुवाद न्यायालय, आणि तिथे तारखांवर तारखा. वकिलांनीच हळूच सुचवलं, 'काही देऊन टाका.'

हिशोब लिहूनच ठेवलाय. 11 महिन्यांचं भाडं 1,54,000, लाइट बिल 9,870, वकील 22,000, आणि त्याने घर सोडावं म्हणून 40,000. होय, मी त्याला दिले. डिपॉझिट वजा करून बघा.

किल्ली घ्यायला गेलो तर किचनचा नळसुद्धा काढून नेलेला. किल्ली पुढे करत तो म्हणाला, 'काका, पोच द्या.' पिशवीतून कागद काढला. टाइप केलेला, तयार. या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं : 'कोणतीही थकबाकी नाही.'

सही केली.