घड्याळाच्या तबकडीला कोणता रुपया: चांदीचा राजाछाप की निकेलचा वाघ?

पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया आणि १९४७चा वाघाचा निकेलचा रुपया, वजनाला दोन्ही ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. घड्याळाची तबकडी करायला लेथवर (कातयंत्रावर) चढवले की मात्र दोघांचे स्वभाव वेगळे.

आधी माप. सहज मिळणाऱ्या बऱ्याच केस (घड्याळाच्या बाहेरच्या डब्या) २८.५ मिमीच्या तबकडीच्या असतात. वाघ २८ मिमीचा, जवळपास तसाच बसतो. चांदीचा रुपया ३०.५ मिमीचा; तो कातला की कडेचे दाणे गेलेच. ते राखायचे असतील तर केसच मोठी घ्या.

नाण्याची पाठ कातून साधारण अर्धा मिमी जाडी ठेवायची. जाड राहिलं तर तासकाटा बसवायची नळी वर डोकावतच नाही. ९१.७ टक्के चांदी मऊ असते, पण घाई केली की पातळ होताना घुमटासारखी फुगते. एका वेळी ०.१ मिमीच काढा. निकेल उलट. ड्रिल नुसतं घासत राहिलं की ती जागा आणखी कडक होते आणि टोक बोथटतं. कार्बाइडचं ड्रिल, कमी वेग आणि भरपूर तेल.

मधलं भोक साधारण २ मिमी. राजाच्या बाजूने ते कान-दाढीच्या आसपास पडतं, शिवाय चेहराच सगळ्यांत उंच, त्यामुळे काटा घासतो. म्हणून चांदीत अक्षरांची बाजू घ्या. वाघाच्या रुपयात भोक थेट पोटात जातं, त्याला इलाज नाही. तबकडी मशीनला अडकवणाऱ्या मागच्या खुंट्या, म्हणजे तबकडीचे पाय, डाखाने जोडू नका, उष्णतेने तबकडी वाकते. दुहेरी चिकटपट्टीचे ठिपके पुरतात.

निकेल चुंबकाला चिकटतं. त्याने चुंबकत्व धरलं तर मशीनची चाल बिघडू शकते. चांदीला ती भीती नाही, पण ती काळवंडते. गंधक असलेलं रबरी गॅस्केट (केस घट्ट बंद करणारी कडी) हे नेहमीचं कारण, तेव्हा सिलिकॉनचंच वापरा.

आमचा कौल चांदीला, तोही १९१७-१८च्या झिजलेल्या, मुबलक रुपयाला. १९११चा 'डुकराचा' (राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो तो) किंवा १९३९चा दुर्मीळ रुपया हाती लागला तर कातू नका, जपून ठेवा.

एक अडचण कायद्याची. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशवारी नेहमीची असेल तर वाघच बरा. त्याला २०४७पर्यंत मुभा आहे.