टीआर५ की डेमलर: खोललेली गाडी घ्यायची तर कुठली?

ट्रायम्फ टीआर५ आणि डेमलर एसपी२५०, दोन्ही इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जुन्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कार. इंजिनं अडीच लिटरची, आणि दोन्ही तीन हजारांच्या आतच बनल्या: टीआर५ २,९४७, डेमलर २,६५४. त्यामुळे रिस्टोरेशनसाठी खोललेली, म्हणजे भाग सुटे करून खोक्यांत भरलेली गाडी शोधणाऱ्याचं मन या दोघींत अडकतंच. माझंही अडकलं होतं. पुण्याहून नोकरीसाठी इकडे ब्रिटनमध्ये आलो, त्यानंतरचे दोन वर्षांचे शनिवार-रविवार मित्राच्या टीआर५खाली गेले. त्याच्याकडे गॅरेज नव्हतं, म्हणून गाडी माझ्या घरी होती. पुढे स्वतःसाठी घेतली ती डेमलर. तेव्हा माझं मत कुठे झुकलंय हे धरूनच वाचा.

आधी बॉडी. टीआर५चा पत्रा गंजतो. दाराखालच्या सिल्स, फ्लोअर, आणि चॅसीवर मागचे ट्रेलिंग आर्म (मागची चाकं धरणारे दांडे) बसतात ती जागा, तिथे टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आडवं व्हायचं. पण पत्रे नवे बनतात, बरेचसे सुटे भाग टीआर६शी जुळतात, आणि वेल्डिंग येत असेल तर काम सरळ आहे. एकच सांभाळा: दाराच्या चौकटीला आतून आधार दिल्याशिवाय सिल कापू नका. उघडी गाडी मध्ये खचली की दार पुन्हा नीट बसत नाही.

डेमलरची बॉडी फायबरची. ती गंजत नाही, खालची चॅसी मात्र गंजते, आणि फायबरला चांदणीसारखे तडे जातात. माझ्या बोनेटवर रुपयाएवढी एक चांदणी होती. वरवर पुटी भरून ती जात नाही, तडा संपेपर्यंत घासत खाली जावं लागतं आणि मग फायबरची मॅट आणि रेझिन यांचे थर द्यावे लागतात. रंग काढायचं केमिकल जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, खातं, म्हणून मी सगळा रंग हाताने खरवडला. ती धूळ मनगटाला लागली की रात्रभर खाज. हे काम वेळखाऊ आहे, पण तडा निदान डोळ्यांना दिसतो.

टीआर५ बघायला गेलात तर कमिशन नंबर, म्हणजे गाडीवरचा कारखान्याचा क्रमांक, आधी वाचा. सीपीने सुरू होत असेल तर ती टीआर५. सीडी असेल तर अमेरिकेसाठीची, कार्ब्युरेटरवाली टीआर२५०, मग वर बॅज कुठलाही असो. तशी गाडी वाईट नव्हे, फक्त टीआर५चे पैसे देऊ नका.

माझा निर्णय झाला तो मात्र पेट्रोलच्या वासावर. टीआर५ची खरी ओळख म्हणजे तिचं मेकॅनिकल इंजेक्शन, कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा. १९६७ साली ते मोठं नावीन्य होतं, आणि नीट लागलेलं असताना गाडी अशी उचलते की बोलता बोलता माणूस थांबतो. पण डिकीतला पंप पेट्रोल १०० पीएसआयच्या आसपास दाबतो, आणि एवढ्या दाबापुढे एखादं सील कमी पडलं की पेट्रोल वाट काढतंच. मित्राने मीटरिंग युनिट (सिलिंडरांना पेट्रोल मापून देणारा भाग) एका ठिकाणाहून दुरुस्त करून आणलं. बसवल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या नळीला थेंब दिसला. युनिट परत पाठवलं, आलं, पुन्हा थेंब. आमच्या गॅरेजच्या वर मुलीची खोली. एका रात्री ती खाली आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या उशीला पेट्रोलचा वास येतो." दुसऱ्या दिवशी आम्ही टाकी रिकामी केली. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये आता १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. चालू गाडीत हे शोधता येतं, पण खोक्यांत आलेल्या गाडीत सहा महिने काम करूनही इंजेक्शनचं काय निघेल ते कळत नाही.

डेमलरवर दोन एसयू कार्ब्युरेटर. ते मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून एका संध्याकाळी साफ केले. आणि तो व्ही८! एडवर्ड टर्नर हा मुळात मोटरसायकलींचा माणूस, त्याने तो काढला. लहान, हलका, आवाज खोल पण मऊ. पुढे हेच इंजिन डेमलरच्या सलूनमध्ये १७ हजारांहून जास्त गाड्यांत बसलं, म्हणून त्याचे भाग आजही मिळतात. त्रास एकच, अ‍ॅल्युमिनियमची हेड स्टडवर, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या खुंट्यांवर, घट्ट चिकटतात. माझी एक बाजू उतरायला तीन आठवडे लागले, रोज थोडं तेल सोडून.

चालवायला टीआर५ जास्त चोख, हे मान्य करायला हवं. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आणि स्टीअरिंग हलकं. डेमलर पार्क करताना दंड भरून येतात, ब्रेक मात्र चारही चाकांना डिस्क. अगदी सुरुवातीच्या डेमलरची चॅसी इतकी लवचिक होती की वळणावर दार उघडायचं. जग्वारने १९६० मध्ये कंपनी घेतल्यावर १९६१ पासूनच्या बी-स्पेक या सुधारित आवृत्तीत ती कडक केली. शक्यतो बी किंवा त्यानंतरची सी बघा, माझी बी आहे.

आणि डेमलर बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी खोकी उघडा. ग्रिल, त्यावरचा मोठा व्ही, काचेची चौकट, मागच्या दिव्यांची कडी, हे सगळं मोजून घ्या. इंजिनाचं सामान मिळतं. मी ग्रिलवरच्या व्हीसाठी मात्र चौदा महिने थांबलो.