उंदराच्या नवजात पिल्लाला भूल : बर्फ की आयसोफ्लुरेन?

एक दिवसाचं उंदराचं पिल्लू जेमतेम दीड ग्रॅम भरतं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. याच्या मेंदूत विषाणूवाहक (पेशींत जनुक पोचवणारा, बदललेला विषाणू) सोडायचा तर भूल कुठली सुरक्षित, असं पीएचडीला नव्याने लागलेली मुलं विचारतात. मी उलट विचारते : पिल्लू किती दिवसांचं, आणि काम किती मिनिटांचं?

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही, म्हणूनच बर्फात गारठवून भूल देता येते. लॅटेक्स हातमोज्याचं बोट कापायचं, त्यात पिल्लू सरकवायचं आणि बर्फाच्या चुऱ्यात ठेवायचं, डोकं वर. उघडी कातडी बर्फाला लागली तर हिमदंश होतो. काही मिनिटांत गुलाबी रंग उतरतो आणि पंजा चिमटला तरी पाय आखडत नाही. मग हातात दहाएक मिनिटं असतात. मेंदूतल्या पोकळीत दोन्ही बाजूंना सुई घालायला सरावलेल्या हाताला तेवढी पुरून उरतात. यंत्र नाही, नळ्या नाहीत.

खरी परीक्षा नंतरची. पिल्लू निपचित दिसलं की जीव घाबरतो आणि माणूस ते गरम पॅडवर टाकतो. तसं करू नका. अंग सावकाश तापू द्या, अर्धा तास धरून चाला. थंड होताना आणि पुन्हा तापताना पिल्लाला दुखत असावं, ही शंकाही रास्त आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी नैतिकता समिती त्यावरून खोदून विचारते, आणि विचारावंच.

आयसोफ्लुरेन म्हणजे श्वासातून द्यायची भूल. त्यात ताबा तुमच्या हातात. सुरुवातीला तीन-चार टक्के, मग कमी करत आणायचं. वायू बंद केला की पिल्लू काही मिनिटांत हलायला लागतं, आणि अर्ध्या तासाचं कामही नीट होतं. पण द्रव भुलीचा मोजून वायू करणारा व्हेपोरायझर हवा, उरलेला वायू ओढून नेणारी सोय हवी, खाली ऊबही हवी. शिवाय बाजारातले मुखवटे मोठ्या उंदरांच्या मापाचे. इवल्याशा नाकाभोवती फट राहिली की पिल्लू अर्धवट जागं, आणि तुमचं डोकं जड!

मेंदूवर काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण. 2003 साली उंदरांचा मोठा भाऊ असलेल्या रॅटच्या सात दिवसांच्या पिल्लांना मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन मिळून सहा तास दिलं गेलं. त्यांच्या विकसित होणाऱ्या मेंदूत ठिकठिकाणी चेतापेशी मेल्या, पुढे शिकण्यातही उणीव दिसली. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल इशारा दिला. दहा मिनिटं म्हणजे सहा तास नव्हेत, हे खरं. तरी त्याच वेतातली, तीच भूल दिलेली पण सुई न टोचलेली पिल्लं तुलनेला ठेवा. बर्फ वापरला तरीही.

केटामाइन-झायलॅझिनचं इंजेक्शन एवढ्या लहान जिवाला मी देत नाही. यकृत कच्चं, आणि भुलीचा डोस व मारक डोस यांत अंतर फार थोडं.

माझं गणित साधं आहे. पहिले तीन दिवस आणि पाच-सात मिनिटांचं काम : बर्फ. पहिला आठवडा उलटला : आयसोफ्लुरेनच, कारण तोवर पिल्लू थंडीशी झगडायला लागतं. मधल्या दिवसांत किंवा कवटीवर लांबलेल्या कामात सोय आणि सराव असेल तर आयसोफ्लुरेन. मेंदूचे विद्युत्संकेत टिपायचे असतील तर बर्फाचं नावच नको, गारठलेला मेंदू गप्प असतो. भारतात समितीच्या अर्जात पिल्लाचं वय आणि मिनिटं स्पष्ट लिहा. नुसतं ‘नवजात’ लिहिलेला अर्ज परत येतो.

भूल कुठलीही असो, पिल्लं आईकडे एकेक करून सोडू नका. सगळी गुलाबी होऊन वळवळू लागली की पिंजऱ्यातल्या जुन्या घरट्याचा चुरा त्यांच्या अंगाला चोळा आणि एकदमच ठेवा. थंड, रक्ताचा वास येणारं पिल्लू आई खाऊन टाकते. माझ्या पहिल्या वेतातली पाच अशीच गेली, भूल मात्र अगदी बिनचूक दिली होती.