प्रयोगशाळेसाठी स्वतःची उबंटू आयएसओ : ‘क्युबिक’चे परीक्षण

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या महाविद्यालयांत जुने पण धडधाकट संगणक आहेत, त्यांच्यापुढे उबंटू २४.०४ ही मोफत लिनक्स प्रणाली हा सरळ पर्याय आहे. अडचण उबंटू बसवण्यात नसून त्यानंतरच्या कामात आहे. सी आणि पायथनची साधने, मारियाडीबी ही डेटाबेस-प्रणाली, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि देवनागरी टंक हे सर्व प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे लागते, आणि तालुक्याच्या गावातील इंटरनेटवर त्यात दिवस जातात. हे सर्व आधीच सामावलेली आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकून यंत्रावर बसवायची प्रणालीची एकच फाइल, तयार करून देणारे क्युबिक हे मोफत साधन आम्ही चोपडा तालुक्यातील आमच्या प्रयोगशाळेसाठी वापरले.

डिस्कची हुबेहूब प्रत काढणारे क्लोनझिला का नाही, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला होता. क्लोनझिला उत्तम आहे. परंतु एरवी त्याला मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी डिस्क लागते, आणि प्रतीसोबत मूळ यंत्राची ओळख, म्हणजे मशीन-आयडीही, जशीच्या तशी जाते. आमच्याकडे १२८ जीबीच्या एसएसडीपासून ५०० जीबीच्या हार्ड डिस्कपर्यंत सर्व प्रकार असल्यामुळे रीतसर इन्स्टॉलेशन करणारी आयएसओच सोयीची होती.

क्युबिकची मांडणी स्वच्छ आहे. प्रकल्पाचे फोल्डर निवडावे, मूळ आयएसओ दाखवावी, मग समोर येणाऱ्या टर्मिनलमध्ये हवी ती पॅकेजेस घालावीत किंवा काढावीत, कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, निवडावा, कॉम्प्रेशनची पद्धत ठरवावी आणि नवी आयएसओ घडवून क्यूईएमयू या आभासी यंत्रात तिथल्या तिथे चालवून पाहावी. तोच प्रकल्प पुढच्या सत्रात उघडून केवळ बदल तेवढे करता येतात, हा याचा सर्वांत मोठा गुण आहे. कॉम्प्रेशनच्या मधोमध वीज गेली, तरी टर्मिनलमध्ये केलेले बदल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शाबूत राहतात आणि फक्त शेवटचा टप्पा पुन्हा करावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र हे फोल्डर विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नये, कारण तिथे लिनक्सच्या फाइल-परवानग्या नीट टिकत नाहीत.

खरी डोकेदुखी त्या टर्मिनलमध्ये सुरू होते. ते चालू असलेले उबंटू नसून केवळ फाइलींचे बंदिस्त झाड आहे. तिथे विद्यार्थ्याचे खाते नाही आणि कोणतीही सेवा चालू नाही. ही गोष्ट क्युबिक पुरेशा ठळकपणे सांगत नाही, आणि बहुतेक त्रुटींचे मूळ तीच आहे. उबंटूचे स्नॅप या प्रकारचे पॅकेज बसत नाही, कारण स्नॅपची सेवा चालू नसते; म्हणून फायरफॉक्स हवा असल्यास मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातील डेब या पारंपरिक प्रकारचे पॅकेज घ्यावे. मारियाडीबी बसते, पण तिच्यात विद्यार्थ्यांसाठी डेटाबेस निर्माण करता येत नाही. ते काम पहिल्यांदा यंत्र सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टकडे सोपवावे लागते. मराठी कळफलकाची मांडणी आधीच ठरवून ठेवायची असेल, तर ती ग्नोम या डेस्कटॉपच्या स्कीमा-ओव्हरराइड (मूळ सेटिंग बदलणाऱ्या) फाइलीत लिहून स्कीमा पुन्हा संकलित कराव्यात, आणि प्रत्येक नव्या खात्यात जायच्या फाइली /etc/skel या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

दोन बिघाड विशेष चकवणारे आहेत. दुरून यंत्रात शिरण्यासाठीचा ओपनएसएसएच सर्व्हर टर्मिनलमध्ये बसवला की त्याच वेळी त्याच्या होस्ट-की, म्हणजे यंत्राची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या, तयार होतात आणि आयएसओमार्फत प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावर त्याच जातात. आयएसओ घडवण्यापूर्वी त्या पुसून, पहिल्या सुरुवातीला नव्या की निर्माण होतील अशी व्यवस्था करणे अपरिहार्य आहे. दुसरा बिघाड जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉम वाय-फायचा. त्याचा ड्रायव्हर डीकेएमएस या, ड्रायव्हर त्या त्या कर्नलसाठी घडवणाऱ्या साधनामार्फत घडतो, आणि बंदिस्त वातावरणात विचारले असता कर्नलची आवृत्ती आयएसओतील नव्हे, तर यजमान संगणकाची, म्हणजे ज्यावर क्युबिक चालते त्याची, सांगितली जाते. दोन्ही आवृत्त्या वेगळ्या असल्यास ड्रायव्हर चुकीच्या कर्नलसाठी घडतो किंवा घडतच नाही. डीकेएमएसला आयएसओतील कर्नलची आवृत्ती स्पष्टपणे दिली की प्रश्न सुटतो. क्यूईएमयूमधील चाचणीत हा दोष दिसूच शकत नाही, म्हणून आयएसओ एका खऱ्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय ती वाटू नये.

‘लाइव्ह फाइल सिस्टिम असलेले माध्यम सापडत नाही’ असा संदेश देऊन यंत्र थांबले, तर आधी पेनड्राइव्ह बदलून पाहावा आणि मग अनावश्यक पॅकेजेस काढताना कॅस्पर हे, आयएसओवरून थेट प्रणाली सुरू करून देणारे पॅकेजही गेले आहे का, ते तपासावे. कॉम्प्रेशनसाठी एक्सझेडचा मोह टाळावा. आयएसओ लहान होते, पण ती घडवायला फार वेळ लागतो आणि जुन्या प्रोसेसरला ती उलगडतानाही धाप लागते. झेडस्टँडर्ड हा मधला मार्ग आम्हाला मानवला.

क्युबिक लाँचपॅड या संकेतस्थळावरील त्याच्या स्वतःच्या पीपीएतून (पॅकेज-भांडारातून) घ्यावे आणि नवीनतम आवृत्तीच वापरावी, कारण २४.०४ च्या आयएसओत फाइल-प्रणाली अनेक थरांत विभागलेली आहे आणि जुन्या आवृत्त्या एकाच थराच्या हिशेबाने लिहिलेल्या आहेत. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणारे जुने प्रीसीडचे उपायही इथे निरुपयोगी ठरतात. नवा इन्स्टॉलर त्यासाठी ऑटोइन्स्टॉलची यॅमल स्वरूपातील मजकूर-फाइल वाचतो. ही फाइल हाताशी असली की एकही प्रश्न न विचारता यंत्रामागून यंत्र तयार होते. परंतु साठवणुकीबाबत तिच्यात वेगळे काही लिहिले नसेल, तर ती अख्खी डिस्क पुसते. ज्या यंत्रांवर कार्यालयाचे विंडोज अजून शेजारी नांदते आहे, तिथे पार्टिशनचा टप्पा हातानेच करावा.