नेमस्त नेत्याचा चढलेला सूर आणि निवडणूक आयोगाचे ‘नो युवर कँडिडेट’ ॲप

भारत निवडणूक आयोगाचे ‘नो युवर कँडिडेट’ हे ॲप विनामूल्य आहे आणि उमेदवाराचे नाव किंवा मतदारसंघ टाकला की त्याचे प्रतिज्ञापत्र समोर येते, एवढी माहिती बहुतेकांना असते. हे परीक्षण मात्र एकाच कसोटीवर केले आहे. कालपर्यंत ‘सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय व्हावा’ असे मवाळ बोलणारा नेता निवडणुकीच्या तोंडावर एकाएकी ठासून, कडक भाषेत बोलू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवताना या ॲपचा मतदाराला कितपत उपयोग होतो, हे मला पाहायचे होते.

कोल्हापुरात या प्रश्नासाठी उदाहरण शोधावे लागत नाही. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून शहराची हद्दवाढ एकदाही झालेली नाही. शहरातील बहुतेकांना ती हवी आहे, तर उचगाव, पाचगाव, कळंबा यांसारख्या लगतच्या गावांतून तिला विरोध होत आला आहे. त्यामुळे दोन्हीकडची मते हवी असलेला नेता वर्षानुवर्षे मधल्या भाषेत बोलतो. असा नेता एके दिवशी बिंदू चौकातील सभेत ‘हद्दवाढ झालीच पाहिजे’ असे गरजला, तर त्या गर्जनेची किंमत तो कोणत्या मतदारसंघातून उभा आहे यावर ठरते. कोल्हापूर उत्तर हा शहरी मतदारसंघ असल्याने तेथे असे बोलण्याने काहीच जात नाही. कोल्हापूर दक्षिणमध्ये शहराचा भाग आणि लगतची गावे दोन्ही येतात, म्हणून तेथील उमेदवाराने हेच वाक्य पाचगावच्या चावडीसमोर उच्चारले तर त्याची मते जाऊ शकतात. ज्या बोलण्याने बोलणाऱ्याचे काही जाऊ शकते, ते ऐकून घेण्याच्या लायकीचे असते, असे माझे मत आहे.

ॲपचा खरा उपयोग येथून पुढे सुरू होतो, कारण सभेतील भाषणाला शपथ नसते आणि प्रतिज्ञापत्राला असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण व गुन्हेगारी प्रकरणे जाणून घेण्याचा मतदाराचा अधिकार मान्य झाला. नमुना २६ मधील या प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडवल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बहुतेक वाचक त्यातील एकूण मालमत्तेचा आकडा पाहून पुढे सरकतात. सूर तपासायचा असेल तर तो आकडा सर्वांत कमी कामाचा आहे.

त्याऐवजी स्थावर मालमत्तेचा तक्ता सावकाश वाचावा. त्यात जमिनीचे गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर द्यावे लागतात. हद्दवाढीबद्दल किंवा नागपूर ते गोवा या नियोजित शक्तिपीठ महामार्गाबद्दल ज्याची भाषा बदलली, त्याची, त्याच्या पत्नीची किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची जमीन नेमकी कोठे आहे, हे तेथे स्वतः त्यानेच लिहून दिलेले असते. जमीन असणे हा दोष नव्हे, आणि जमीन जाणार असलेला शेतकरी नेता चिडून बोलला तर ते समजण्यासारखेही आहे. परंतु हितसंबंध कोणता आहे हे माहीत असताना भाषण वेगळे ऐकू येते. प्रलंबित खटल्यांचा तक्ताही असाच बोलका आहे. जमावबंदी मोडल्याचे, रास्ता रोकोचे गुन्हे आधीच्या निवडणुकीपासून दिसत असतील, तर हा माणूस बोलायला सौम्य असला तरी रस्त्यावर उतरत होता, असे समजते. खटल्यांचा रकाना गुन्हेगार ओळखण्यासाठीच असतो अशी समजूत आहे. आंदोलनांच्या या जिल्ह्यात तो त्याहून बरेच काही सांगतो.

तिसरी नोंद सहसा कोणी पाहत नाही. उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरील खातीही प्रतिज्ञापत्रात नमूद करावी लागतात. त्या खात्यावरील जुने लेखन उघडून पाहिले की ‘मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो’ या दाव्याची शहानिशा करता येते. ‘माझे मत बदलले आणि ते या कारणाने बदलले’ असे सांगणारा नेता मला या दाव्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो आपल्या जुन्या शब्दांची जबाबदारी नाकारत नाही. अचानक झालेला बदल तेवढ्याने खोटा ठरत नाही. जुन्या भूमिकेवर पांघरूण घालून आणलेला बदल मात्र संशय घेण्यासारखा असतो.

ॲपच्या मर्यादाही कमी नाहीत. प्रतिज्ञापत्रे बहुधा स्कॅन केलेली असतात, त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही आणि हस्ताक्षर लावण्यात वेळ जातो. एकाच व्यक्तीची दोन निवडणुकांतील प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून पाहायची असतील, तर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेचे ‘मायनेता’ हे संकेतस्थळ अधिक सोयीचे आहे. उमेदवारी अर्ज स्वीकारला, फेटाळला की मागे घेतला हे कळणे ही मात्र चांगली सोय आहे. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, तेव्हा तिचे मोल कळण्याजोगे होते.

सभागृहात हा नेता काय बोलला, हे प्रतिज्ञापत्रात नसते. खासदारांचे प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि उपस्थिती पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते, मात्र मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत हे लक्षात ठेवून ते आकडे वाचावेत. सभेत आग ओकणाऱ्याने त्या विषयावर एकही तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडली नसेल, तर नव्या सुराला अजून कागदाचा आधार नाही, असे म्हणावे लागते. जिल्ह्याचे निम्मे राजकारण ज्या साखर कारखान्यांत, जिल्हा बँकेत आणि ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघाच्या ठरावधारकांत, म्हणजे संघाच्या निवडणुकीत मत देणाऱ्या दूध संस्थांच्या प्रतिनिधींत, चालते, तेथील जुळवाजुळवही प्रतिज्ञापत्रात उमटत नाही. आमच्याकडे सूर बदलण्याची कारणे पुष्कळदा तेथेच असतात, म्हणून ही उणीव इतर जिल्ह्यांपेक्षा येथे अधिक जाणवते.

लोकसभा आणि विधानसभेसाठी हे ॲप मोबाइलमध्ये जरूर ठेवावे. पाचपैकी साडेतीन गुण देईन. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे ते उमेदवार येथे सापडणार नाहीत. हद्दवाढीवर सर्वांत मोठ्याने बोलणारे बरेचसे त्याच निवडणुकांत उभे असतात, आणि त्यांची प्रतिज्ञापत्रे राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाहावी लागतील.