हवेली खरी होती, नंबर खोटा होता: अहमदाबादच्या बुकिंगमध्ये गेलेले 14,650 रुपये

‘स्वस्तात जायला गेलीस म्हणून फसलीस.’ हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी चार जणांकडून ऐकलं. चौघंही जवळची माणसं, काळजीपोटीच बोलली. पण ते खरं नाही, आणि म्हणूनच झालं ते सगळं लिहून काढतेय.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत कुठल्या टूरबरोबर न जाता आपलं आपण अहमदाबाद बघायचं ठरवलं. सासूबाईंच्या मनात साबरमतीचा आश्रम कित्येक वर्षांपासून होता. मला जुन्या शहरातले पोळ बघायचे होते. पोळ म्हणजे एका दरवाजातून आत शिरायचं, की चिंचोळ्या गल्लीत एकमेकांना टेकलेली घरं, कोरलेले लाकडी खांब आणि मधल्या चौकात पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा. हे जुनं शहर 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, भारतातलं असं पहिलंच शहर. आपल्या ठाण्यातले जुने वाडे एकेक करून पडताना मी पाहिलेत, त्यामुळे ते बघायची ओढ जास्तच होती.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात अकाउंट्सचं काम करते. सहलीचीही वही घातली होती. पहिल्या सकाळी कालुपूरचं 1822 सालचं स्वामिनारायण मंदिर, तिथून पोळांमधून चालत माणेकचौक, मग 1424 सालची जामा मशीद. महापालिकेचा हेरिटेज वॉक 1997 पासून याच वाटेनं जातो, म्हणजे वाट सापडण्याची चिंता नव्हती. दुपार कलली की सिदी सैयद मशिदीची दगडी जाळी, रात्री माणेकचौकातच खाणं. दुसऱ्या दिवशी आश्रम आणि अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. जाता-येता बोरिवलीहून रात्रीची गाडी. चौघांचा सगळा खर्च 11,000 रुपयांत बसत होता, कुणाची आबाळ न होता.

राहायला पोळातलीच एक जुनी हवेली सापडली. वरच्या मजल्यावरच्या तीन-चार खोल्या ते लोक पाहुण्यांना देतात. मोबाईलच्या नकाशावर फोटो होते, राहून गेलेल्यांचे अभिप्राय होते आणि खाली फोन नंबर. चौघांच्या खोलीचे एका रात्रीचे 1,800. आसपासच्या दोन-तीन ठिकाणांचे दरही असेच होते.

फोन उचलणारा माणूस हिंदीत बोलला. अदबीनं, घाई न करता. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे म्हटल्यावर त्यानं आपणहून सांगितलं, ‘माताजी को नीचेवाला कमरा दे देंगे.’ खोलीचे फोटो पाठवले. एका रात्रीचे 1,800 आगाऊ भरायला सांगितले, ते मी भरले. तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजले होते आणि मी ओट्याशी उभी राहून भाजी परतत होते.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. तुमचे पैसे आले, पण बुकिंगशी जोडले जात नाहीयेत, सिस्टीम पूर्ण रक्कमच घेते. 3,600 एकदम भरा, आधीचे 1,800 लगेच परत करतो. मी भरले. मग म्हणाला, रिफंड अडकलाय, मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. त्या क्यूआरवर हवेलीचा फोटो होता आणि खाली ‘रिफंड’ असं लिहिलेलं. स्कॅन केल्यावर 9,250 हा आकडा दिसला. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, वो अमाउंट नहीं, आपका बुकिंग कोड है.’ मी पिन टाकला.

गॅस चालू, एका कानाशी फोन, समोरचा सतत बोलतोय, आणि आपले 1,800 अडकलेत एवढंच डोक्यात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. ऑफिसात हेच मी दुसऱ्यांना समजावून सांगते. तो माणूस फोन ठेवू देत नाही, खरी मेख तिथेच आहे. फोन चालू आहे तोवर आपण त्याच्या तालावर चालत राहतो. तो चौथ्यांदा पैसे मागत होता तेव्हा नवऱ्यानं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि बंद केला.

भाजी करपली होती. लेकीनं तिन्ही व्यवहार उघडून बघितले. तिन्हींवर पैसे घेणाऱ्याची नावं वेगवेगळी होती, आणि एकातही हवेलीचा पत्ता नव्हता. ती नावं पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर दिसतात. मी वाचलीच नव्हती.

नऊ वीसला 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. लेक म्हणाली, दांडी यात्रेचं साल. आता आमच्या घरात तो कुणी विसरणार नाही. त्यांनी बँकेचं नाव, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा अंकी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारला. हे हाताशी ठेवूनच फोन करा, शोधण्यात मिनिटं जातात आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट जोडून तक्रार पुरी केली आणि बँकेला लेखी कळवलं. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. शेवटचे 9,250 एका खात्यात गोठवले गेले, ते परत मिळावेत म्हणून अर्ज केलाय. आधीचे 5,400 तोवर निघून गेले होते.

चॅट मात्र पुसू नका. माझं बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं, इतकी लाज वाटत होती.

तिकिटं काढलेली होती, म्हणून आम्ही गेलो. कालुपूर स्टेशनजवळ साधी खोली घेतली, पैसे तिथे पोचल्यावर काउंटरवर दिले. जामा मशिदीच्या खांबांमधून हिंडताना सासूबाई दुखरा गुडघाही विसरल्या. आश्रमात त्या नदीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिल्या. सहल चांगली झाली, हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी ती हवेली शोधत गेलो. खिडकीच्या कोरीव लाकडावरून मी ती लांबूनच ओळखली. दार एका वयस्क बाईंनी उघडलं. माझं निम्मंच सांगून झालं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘आवो बेन, अंदर बैठो,’ आणि पाणी आणायला गेल्या. अशी माणसं त्यांच्या दारात आधीही येऊन गेली होती, काही तर सामानासकट. नकाशावरचा नंबर कुणीतरी बदलला होता. फोटो त्यांचे, अभिप्राय त्यांचे, दरही त्यांचाच, 1,800. तो माणूस मला काहीही स्वस्तात देत नव्हता.

म्हणून त्या चौघांना माझं सांगणं असं की मी कुठल्या आमिषाला भुलले नाही. बेताच्या पैशांत, आपल्या पायांनी शहर बघायला निघणं हा काही लोभ नाही. चूक झाली ती एकाच ठिकाणचा नंबर खरा धरण्यात आणि पडद्यावरचं नाव न वाचण्यात. हल्ली मी नंबर दुसऱ्या एखाद्या ठिकाणी पडताळते आणि मालकाला व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगते. खऱ्या मालकाला त्याचं काही वाटत नाही. आगाऊ एका रात्रीच्या वर देत नाही, आणि पैसे भरताना हातात दुसरं काम ठेवत नाही.

बाईंच्या मुलानं आमच्यासमोर नकाशावर चूक कळवली, मीही माझ्या फोनवरून कळवली. आम्ही ठाण्याला परतलो तोवर नंबर दुरुस्त झाला होता. गेल्या रविवारी सहज पाहिलं, तर तिथे तिसराच नंबर होता.